उतर

भाच्याची गाडी दोन वर्षं अक्काच्या अंगणात उभी होती. वरून खताचं रिकामं पोतं टाकलेलं. कोंबड्या सीटवर जाऊन बसायच्या. विकू म्हटलं की अक्का भिंतीकडं तोंड करायची. चालवावी तर घरात कुणाला येत नाही. दाजी कधीचे गेले. मी सख्खा मामा, वय बावन्न, शहरात कॉलेजात शिपाई. आणि मला साधी लुनासुद्धा चालवता येत नव्हती.

गाडी शिकलो त्याचं हे लिहितोय. यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. आजकाल सातवीतलं पोरगं गाडी उडवतं. खरं आहे. पण आपल्या वस्तीत गाडी चालवणारे किती आणि कुणाकडून नीट शिकलेले किती, हे एकदा मोजून पाहा.

मी इतकी वर्षं का शिकलो नाही? पैसे नव्हते हे एक कारण. दुसरं सांगायला वेळ लागेल.

आमचं गाव कन्नड तालुक्यातलं. बापानं १९८० च्या सुमाराला एक जुनी सायकल घेतली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून त्याच्या बोटांची नखं गेली होती. पुढं आठ वर्षं पैसा पैसा जोडला तेव्हा कुठं ती सायकल आली. मी पुढं दांडीवर बसायचो. अक्का मागं कॅरिअरवर. महारवाड्यातून निघालं की शाळेच्या वाटेवर पाटलाचा वाडा लागतो. वाड्याच्या अलीकडं लिंबाचं झाड. झाड आलं की बाप म्हणायचा, "उतर." आम्ही उतरायचो. बाप पण उतरायचा. हॅण्डल धरून, खाली मान घालून सायकल ढकलत न्यायचा. ओट्यावर कुणी असो नसो. वाडा मागं पडला, पिठाची गिरणी आली की पुन्हा टांग टाकायचा.

बाप भित्रा नव्हता. पण अठ्ठ्याहत्तर साल त्यानं पाहिलं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. शेजारच्या गावचा धूर मात्र दिसला. ज्याला पोरं वाचवायची असतात तो सायकलवरून उतरतो. आज मला हे कळतं. सात वर्षांच्या पोराला कळत नव्हतं. त्याच्या अंगाला एवढंच कळलं, की लिंबाचं झाड आलं की खाली उतरायचं आणि जमिनीकडं पाहायचं.

भाचा आयटीआय झाला, वाळूजला कंपनीत लागला. २०२१ ची गोष्ट. मामा, गाडी पाहिजे म्हणाला. मी माझ्या फंडातून पैसे काढून दिले. सेकंड हॅण्ड, पण चांगली होती. गायरानात मित्राच्या मागं बसून एका दुपारीत तो शिकला. शिकला म्हणजे काय, गाडी पुढं जायला लागली. लायसन एजंटाकडून आणलं. एजंटाचे पैसे कुणी दिले? मीच. चाचणीला उभं राहायची गरज नाही म्हणून मीच खूश झालो होतो. आमचं काम एका हेलपाट्यात झालं, असं मी चार जणांना सांगितलंसुद्धा.

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती इथं लिहितो. गाडी घरी आली त्या दिवशी मी भाच्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "वाड्यापुढून जोरात काढ." त्याला कारण विचारायची गरज पडली नाही. त्यानं सायलेन्सरची जाळी काढून टाकली. रोज संध्याकाळी वाड्यापुढून असा आवाज काढत जायचा, की गिरणीवाला बाहेर यायचा. मी गावाकडं गेलो की तो आवाज ऐकायला मुद्दाम थांबायचो. माझ्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. बापाचं उतरणं फिटतंय असं वाटायचं.

१४ एप्रिल २०२३ ला तालुक्याची मिरवणूक पाहून तो परत येत होता. गाडीवर तिघं. डोक्याला निळे फेटे. हेल्मेट एकालाही नाही. गावाअलीकडच्या पुलाच्या वळणावर रेती सांडलेली होती. बाकीचे दोघं वाचले. तो वाचला नाही.

ते दोघं सांगतात, बराच वेळ कुणी हात लावला नाही. लोक उभे होते, मोबाईलवर काढत होते. फेट्याकडं पाहून हात लावला नाही, की पोलिसाचं लचांड नको म्हणून? मी तिथं नव्हतो, म्हणून बोलत नाही. पण जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास देऊ नये, असे नियम सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यातही आले. दवाखान्यात आपलं नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. हे आमच्या रस्त्यावर कुणाला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मला ते क्लासमध्ये कळलं.

तर क्लासचं.

शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडं गेलो तर बहुतेक जण फक्त कार शिकवतात. एक-दोन ठिकाणी बायांना स्कूटी शिकवतात. गिअरची मोटारसायकल म्हटल्यावर एकजण हसलाच. काका, ती काय शिकायची चीज आहे? शेवटी एका मैदानावर एक चाचा शिकवतात असं कळलं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. पांढरी दाढी, पायात बूट, गळ्यात शिट्टी. आम्ही पाच जण. तीन पोरी, एक कॉलेजचा पोरगा आणि मी. पोरी मला अंकल म्हणायच्या. फॉर्मवर आडनाव लिहिताना माझा हात सवयीनं थांबला. चाचानं फॉर्म न वाचताच घडी करून खिशात घातला. त्यांना फक्त लर्निंग लायसन पाहिजे होतं. ते पाहिलं, तारीख पाहिली, झालं.

पहिल्या दिवशी गाडी चालूच केली नाही. किल्ली चाचाच्या खिशात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मैदानाला ढकलत पाच फेऱ्या मारायला लावल्या. "पहले इसका वजन पहचानो." मी हॅण्डल धरून चालायला लागलो आणि पाहतो तर माझी मान खाली. बापासारखी. ढकलत नेणं मला येत होतं हो! तेवढं मी चांगलं शिकलो होतो.

मग टायरची हवा, चेन, ब्रेक, दिवे, हॉर्न कसं पाहायचं ते. चढायचं डावीकडून आणि चढायच्या आधी मागं वळून पाहायचं. साइड स्टँड वर घेतलाय का ते पाहायचं. डाव्या हाताला क्लच, उजव्या हाताला पुढचा ब्रेक. उजव्या पायाला मागचा ब्रेक, डाव्या पायाला गिअर. चार हातापायांना चार कामं आणि डोळ्याला पाचवं. क्लच हळूहळू सोडायचा. एका जागी इंजिनाचा आवाज बसतो, गाडी बैलासारखी जरा पुढं रेटते. तीच जागा. तिथं हात थांबवायचा. एकदम सोडला की गाडी गचका देऊन बंद. माझी बारा वेळा बंद पडली. मी मोजलं.

तिसऱ्या दिवशी आठ काढायला लावलं. चुन्यानं जमिनीवर इंग्रजी आठ. पाय न टेकवता त्यावरून गाडी काढायची. पोरींनी दोन दिवसांत काढलं. मी प्रत्येक वळणावर पाय टेकवायचो. चाचा शिट्टी मारायचे. शेवटी जवळ आले. म्हणाले, "नीचे क्या देखरे भाई? नीचे तुम्हारा सोना गिरा क्या?"

मी म्हणालो, चाकाकडं पाहतोय.

"चाक कुठं पळून जात नाही. जिथं जायचं तिथं बघायचं. तुम्ही खाली बघणार तर गाडी खाली जाणार. मान वर करा."

हे ऐकायला सोपं आहे. तुम्ही कधी पन्नाशीत मान वर करून पाहा. मानेचं हाड नाही दुखत. आतून भीती वाटते. वळणावर आलो की डोळे आपोआप जमिनीला चिकटायचे. समोर त्या टोकाला चाचा उभे असायचे आणि ओरडायचे, "मेरी तरफ देखो! माझ्या डोळ्यात बघा!" एका मोठ्या माणसाच्या डोळ्यात बघत, गाडीवर बसून, त्याच्या अंगावर चालत जायचं! मला घाम फुटायचा. साहेबापुढं फाईल ठेवतानासुद्धा मी टेबलाकडं पाहतो. सव्वीस वर्षं पाहतोय. त्यात माझा साहेब वाईट नाही, हेही सांगितलं पाहिजे.

सहाव्या दिवशी आठ निघाला. कसा निघाला ते कळलं नाही. चाचाच्या दाढीकडं पाहत होतो आणि गाडी वळून आली होती.

मग ब्रेक. आमच्या वस्तीत सगळ्या पोरांना एकच पक्कं माहीत असतं, की पुढचा ब्रेक दाबायचा नाही, माणूस डोक्यावरून जातो. चाचा म्हणाले, हे अर्धवट शहाणपण आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं. ते चाक जमीन घट्ट धरतं. गाडी थांबवायचं मोठं काम तेच करतं. मागचं चाक हलकं होतं, ते नुसतं घसटतं. म्हणून दोन्ही ब्रेक बरोबर लावायचे, पण पुढचा मुठीनं आवळायचा नाही. लिंबू पिळतो तसा पिळत न्यायचा. आणि गाडी सरळ असताना.

चुन्याची रेघ मारून त्यांनी हिशेब दाखवला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला १० मीटर. डोळ्याला दिसलं, डोक्याला कळलं, हात ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १० मीटर संपले. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. कॉलेजच्या पोराला ते सूत्र पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं म्हणे. रस्त्यावर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी चाचानं वळणावर घमेलंभर रेती पसरली.

ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. रेती दिसली तर वळायच्या आधी, सरळ असतानाच वेग कमी करायचा. रेतीवर गाडी वाकवायची नाही. पुढचा ब्रेक धरायचा नाही. अॅक्सिलेटर एकदम पिळायचा नाही. सरळ, हळू, पार व्हायचं. मागं माणूस बसला असेल तर त्याचं वजन धरून अजून हळू. कायद्यानं मागं एकच बसतो. तिसरा बसला की चालवणारा टाकीवर सरकतो, त्याचा हातही नीट वळत नाही. चाचानं स्वतः गाडी वाकवून रेतीवर घातली, मुद्दाम, अगदी चालण्याच्या वेगानं. पुढचं चाक साबणासारखं सटकलं. त्यांनी पाय देऊन सावरली. पोरी हसल्या.

मी मैदानावर बसलो. वळणावर तिघं. भाचा टाकीवर सरकलेला. वेगात. रेती दिसली असेल आणि त्यानं ब्रेक धरला असेल. त्याला दोन वर्षांत हे सांगणारं कुणी भेटलं नाही. मी भेटलो होतो आणि मी त्याला काय सांगितलं? जोरात काढ.

चाचा पाण्याची बाटली घेऊन आले. मी सगळं सांगितलं. सायलेन्सरचंसुद्धा. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना चाळीसगावचा टांगा सांगितला. आमच्या कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव. लहानपणापासून आम्ही ही गोष्ट ऐकतो.

१९२९ साल. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीला समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनापासून चालत जाण्यासारखा होता. पण बॅरिस्टर झालेल्या आपल्या माणसाला पायी कसं न्यायचं? लोकांनी टांगा आणायचा ठरवला. टांगेवाले महाराला घेऊन जायला तयार होईनात. तासभर गेला. शेवटी एकजण कबूल झाला, की टांगा देतो, मी हाकणार नाही. तेव्हा आपल्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला हाकायचं माहीत नव्हतं. वाटेत एका मोटारीला धडकता धडकता वाचले. पुढं नदीवरचा पूल. पुलाला कठडा नाही, कडेला अंतराअंतरावर दगड. चाक दगडात अडकलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय. तिथल्या लोकांना जिवापेक्षा पाहुण्याचा मान मोठा वाटला, असं त्यांनी लिहिलंय. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, मसूर स्टेशनावरून वडिलांकडं निघाले तेव्हा गाडीवान दुप्पट भाडं घेऊन पायी चालला होता आणि बैलगाडी या पोरांनीच हाकली होती.

चाचा म्हणाले, "मेरे दादा टांगा चलाते थे." मग जरा थांबून म्हणाले, "घोड़ा नए हाथ को पहचानता है. लगाम धरताच समजतं त्याला." आणि मग विचारलं, "तुमच्या लोकांनी आधी शिकून का नाही घेतलं?"

मी म्हणालो, "चाचा, कुणाच्या टांग्यावर?"

ते उठले आणि रेती झाडून घ्यायला लागले.

मला त्या हाकणाऱ्या माणसाचा राग येत नाही. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. पूज्य माणूस मागं बसलेला, हातात कधी न धरलेला लगाम. त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं का? नाही म्हटलं असतं तर बाबासाहेब पायी गेले असते, आणि बघणारे हसले असते. मी त्याच्या जागी असतो तर बसलोच असतो. पण पुढं आलेल्या माझ्या भाच्याला लगाम कसा धरायचा ते शिकवायला मला कुणी अडवलं नव्हतं. १९२९ नाही, २०२१ होतं. शहरात मैदान होतं, चाचा होते, पैसे माझ्याकडं होते. एजंटाला दिले तेवढेच. मी फक्त आवाज विकत घेतला.

गेल्या जयंतीच्या आधी विहारात बैठक झाली. मी उठून बोललो, मिरवणुकीत गाडीवर दोघंच बसा, हेल्मेट घाला. पोरं म्हणाली, "मामा, मग फेटा कुठं बांधायचा, हेल्मेटवर?" सगळे हसले. मीही हसलो. चाचाकडून आणलेलं एक फुटकं हेल्मेट मी सोबत नेलं होतं. आतलं थर्माकोल दबून चुरा झालेलं. ज्याचं ते होतं तो माणूस आज भाजी विकतो. मी ते फिरवलं. थर्माकोल दबतं म्हणून डोकं वाचतं, एकदा आपटलं की ते हेल्मेट टाकून द्यायचं, पट्टा लावला नाही तर ते आधी उडतं आणि मग आपण, हे सगळं सांगितलं. १ जून २०२१ पासून आयएसआयचा शिक्का नसलेलं विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला स्वस्तातलं मिळतं, ते घेऊ नका म्हणालो. एक म्हातारी बाई म्हणाली, "हे ते पोरगं गेलं तवाच सांगायचं व्हतं." त्यावर मी खाली बसलो. पाच पोरांनी घातलं. पाचच. फेटे त्यांनी गाडीच्या हॅण्डलला बांधले.

चाचणीला पहिल्यांदा नापास झालो. पाय टेकला. तिथं एजंट उभाच होता. म्हणाला, काका, कशाला त्रास? मी त्याच्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, डोळ्यात. दुसऱ्या खेपेला पास झालो.

लायसन आलं तसं गावाकडं गेलो. मेकॅनिक आणला. बॅटरी नवी, दोन्ही टायर नवे, चेन नवी. सायलेन्सरला जाळी बसवून घेतली. अक्का दारात बसून बघत होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती आत गेली. आता रडणार असं वाटलं. तर पायात चप्पल घालून, पदर खोचून बाहेर आली.

"मला तिथं घेऊन चल."

"कुठं?"

"पुलावर. म्या अजून पाहिलं न्हाई."

दोन हेल्मेटं आणलीच होती. तिचा पट्टा मी बांधला. एवढ्या वयाची बाई, हेल्मेटात तिचं तोंड पोरीसारखं दिसत होतं. मागं बसली आणि माझा खांदा असा धरला, जसा लहानपणी बापाचा सदरा धरायची.

लिंबाचं झाड आलं. माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. मागून अक्काही जरा पुढं सरकली, उतरायला निघाल्यासारखी. दोघांनाही कळलं. कुणी बोललं नाही. मी मान वर केली. वाड्याची एक भिंत पडलेली. ओट्यावर कडब्याच्या पेंढ्या. माणूस नव्हता. कधीचा नव्हता म्हणे, पाटलाची पोरं पुण्याला असतात. ताशी वीसच्या वेगानं, आवाज न करता, आम्ही त्या पेंढ्यांपुढून गेलो.

पुलावर उतरलो. वळणावर रेती होतीच. तीच नसेल, पण होती. वाळूचे ट्रॅक्टर अजून तिथूनच जातात. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली आणि हातानंच रेती कडेला सारायला लागली. मी पत्र्याचा एक तुकडा शोधून आणला. ऊन चढत होतं. आम्ही दोघं खरवडत होतो.

एक दूधवाला कॅन लावलेली गाडी घेऊन आला. ओळखीचा नव्हता. आम्हाला पाहून थांबला. "काय हरवलं का?"

अक्का उठली नाही. हेल्मेट अजून डोक्यातच होतं. तिथूनच म्हणाली, "रेती हाय बाबा. हळू काढ."